नॉनस्टिक नको, आतलं भांडं स्टीलचंच असलेला राइस कुकर: मुंबईत कोणी वापरतं का?

दहिसरकर
घरातल्या इलेक्ट्रिक राइस कुकरच्या आतल्या भांड्याचं कोटिंग निघायला लागलंय. आधी कडेला, जिथे भातवाढी लागते तिथे एक बारीक रेघ दिसायची. आता बुडाला रुपयाएवढे पांढरे चट्टे पडलेत आणि भांडं धुताना बोटाला काळे कण लागतात. कुकर मात्र ठणठणीत आहे, वेळेवर बंद होतो, भात नीट शिजतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘या मॉडेलचं भांडं आता येत नाही, नवीन कुकरच घ्या.’ चालतं यंत्र एका भांड्यापायी भंगारात घालायचं, हे मला अजिबात पटत नाही.

तेव्हा पुढचा कुकर घ्यायचाच झाला तर स्टेनलेस स्टीलच्या भांड्याचा घ्यायचा, असं ठरवतोय. कोणी रोज वापरत असाल तर सांगा: भात खाली लागतो का? घासायला किती त्रास होतो? घरी रोज कोलम, आणि रविवारी आईसाठी इंद्रायणीचा मऊ भात. मुंबईत प्रत्यक्ष हातात घेऊन बघायला कुठे मिळेल?

परळची_सून
आमच्याकडे स्टीलच्या भांड्याचा आहे, रोजचा. स्पष्ट सांगते, नॉनस्टिकच्या सवयीने वापरलात तर खाली लागणारच. स्टीलची पद्धत थोडी वेगळी आहे, ती अंगवळणी पडली की काहीच वाटत नाही.

तांदूळ नुसता एकदा विसळून चालत नाही. पाण्याचा दुधाळपणा बराचसा जाईपर्यंत धुवायचा, कारण वरची पिठी तशीच राहिली तर तीच बुडाला जाऊन खळीसारखी चिकटते. मग वीस-पंचवीस मिनिटं भिजत ठेवायचा. भांड्याच्या बुडाला आणि बोटभर उंचीपर्यंत कडेला तुपाचा हात फिरवायचा. अगदी अर्धा चमचा पुरतो.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. बटण टक्‌ करून वर आलं की लगेच झाकण काढायचं नाही. प्लग काढायचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच मुरू द्यायचा. तेवढ्या वेळात वरची वाफ खाली उतरते, बुडाचा थर ओलावतो आणि भांड्यापासून सुटतो. बटण वर आल्या आल्या भातवाढी घातलीत तर तळाचा थर कोरडा आणि घट्ट असतो, तो खरवडावा लागतो. मुरल्यानंतर कडेने भातवाढी फिरवली की अख्खा पापुद्रा अलगद उचलला जातो. आमच्याकडे तो पापुद्रा ताक-मिठाबरोबर कोण खाणार यावरून भांडणं होतात!

चाळीतला_भात
पण मुळात इलेक्ट्रिक कशाला? गॅसवर कुकर लावायचा, स्टीलच्या डब्यात वरण, स्टीलच्या डब्यात भात. तीन शिट्ट्या, काम झालं. नॉनस्टिकचा प्रश्नच येत नाही.

दहिसरकर
बरोबर आहे, आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण आईला आता शिट्ट्या नीट ऐकू येत नाहीत, आणि आम्ही दोघं सकाळी सात-साडेसातला लोकल पकडतो. ती दुपारी एकटी असते. मोजून तांदूळ-पाणी घालून ठेवलं, तिने फक्त बटण दाबलं, आणि शिजल्यावर यंत्र आपोआप थांबलं, हे आमच्यासाठी फार मोलाचं आहे. गॅस चालू राहिला का, या काळजीने ऑफिसातून फोन करावा लागत नाही.

चाळीतला_भात
मग घ्याच. हे कारण शंभर टक्के पटलं.

भांडीवाला_इंजिनीअर
धातूंचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कुकर आपोआप कसा बंद होतो ते बघू, म्हणजे स्टीलमध्ये भात खाली का लागतो तेही कळेल. हीटरच्या प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगवर एक गोल बटणासारखा भाग असतो. त्यात एक विशिष्ट चुंबकीय मिश्रधातू असतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी तांदळात शोषलं गेलं नि उरलेलं वाफ होऊन गेलं की बुड झपाट्याने तापतं. १०० च्या थोडं वर गेलं की त्या मिश्रधातूचं चुंबकत्व जातं, स्प्रिंग सुटते आणि बटण वर येतं. त्यात वेळ मोजणारं घड्याळ वगैरे काही नसतं. कुकर फक्त ‘पाणी संपलं’ एवढंच ओळखतो.

आता धातूचा भाग. अॅल्युमिनियम उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा १० पटींहून जास्त चांगली वाहून नेतं. म्हणून अॅल्युमिनियमचं बुड सगळीकडे सारखं तापतं. पातळ स्टीलचं मात्र जिथे प्लेट टेकते तिथेच तापतं, उष्णता कडेला पसरायच्या आत तिथला भात लागतो. त्यामुळे स्टीलचं भांडं घेताना कंपनीचं नाव नंतर बघा, आधी बुड बघा. एकाच पातळ पत्र्याचं असेल तर नको. बुडात अॅल्युमिनियमची चकती दाबून बसवलेली असेल तर बरं. आणि स्टील-अॅल्युमिनियम-स्टील असा तीन थरांचा पत्रा असेल, ज्याला दुकानात ट्राय-प्लाय म्हणतात, तर उत्तम. हातात घेतल्यावरच वजनातला फरक कळतो.

अजून एक. जुन्या कुकरमध्ये दुसरं कुठलंही स्टीलचं पातेलं बसवून चालत नाही. बऱ्याच कुकरांत प्लेट किंचित फुगीर असते आणि भांड्याचं बुड तिला जुळेल असं किंचित आत घेतलेलं असतं. साध्या पातेल्याचं बुड तसं टेकत नाही, मधलं बटण पुरतं दाबलं जात नाही, मग कुकर एक तर अर्ध्या कच्च्या भातावर बंद होतो किंवा बंद व्हायचं नावच घेत नाही. भांडं आपटून पोचा आला तरी हेच होतं. प्लेटवर एखादं शीत सांडून वाळलेलं असलं तरी हेच.

काळजीवाहू
कोटिंगचे काळे कण पोटात गेले तर काय? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘टेफ्लॉनने कॅन्सर होतो’ असं रोज येतं. मुलांना त्याच कुकरमधला भात देतेय, म्हणून फार घाबरायला झालंय.

भांडीवाला_इंजिनीअर
घाबरू नका. टेफ्लॉन आणि ते बनवताना वापरलं जाणारं रसायन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या ग्रुपवर एकत्र केल्या जातात.

टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते कशाशीच सहजासहजी अभिक्रिया करत नाही, म्हणून तर त्याला काही चिकटत नाही. एखादा कण पोटात गेला तर न पचता बाहेर पडतो. साधारण २६० अंशांच्या पुढे तापलं की ते हळूहळू विघटित व्हायला लागतं आणि त्याचा धूर त्रासदायक असतो. घरात पोपट-लव्हबर्ड्स असतील तर त्यांच्या जिवावर बेततो. हा धोका गॅसवर रिकामा तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा आहे. राइस कुकर वर सांगितल्याप्रमाणे १०० च्या थोडं पुढे गेला की थांबतो.

पीएफओए हे ते दुसरं रसायन. कोटिंग बनवण्याच्या प्रक्रियेत पूर्वी वापरत. ते निसर्गात नि शरीरात वर्षानुवर्षं टिकून राहतं. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात त्यावर जगभर बंधनं आली, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गटात टाकलं. त्याचा खरा भार पडला तो कारखान्यांजवळच्या पाण्यावर आणि तिथल्या लोकांवर.

तेव्हा मुलांना आजवर दिलेल्या भाताची धास्ती घेऊ नका. पण कोटिंग सुटलेल्या भांड्याला भात चिकटतोच, खालचं अॅल्युमिनियम उघडं पडतं, घासायला नाजूक ते नाजूकच. त्याचं काम संपलं, एवढ्या कारणासाठी ते बदलावं.

काळजीवाहू
मनापासून आभार. आजपासून शांतपणे झोपेन. बदलणार मात्र नक्की.

डोंबिवली_फास्ट
एक गोष्ट राहिली. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त इलेक्ट्रिक कुकरांत नॉनस्टिक नसतंच. साधं किंवा अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचं भांडं असतं, राखाडी रंगाचं. पांढऱ्या भाताला ते ठीक चालतं, पण टोमॅटो भात, चिंचेचा भात, आमसूल घातलेलं काही त्यात करू नये, आंबट अॅल्युमिनियमला खातं. स्टीलला ती अडचण नाही. आम्ही स्टीलकडे वळलो ते याच कारणाने.

कोकणातली_पेज
सगळ्यांचं वाचतेय. आता मी करते ते सांगते, कदाचित दहिसरकरांचे नव्या कुकरचे पैसेच वाचतील.

माझ्याकडे जुना कुकर आहे, भांड्याचं कोटिंग गेलेलं. मी त्या भांड्यात थेट भात करतच नाही. भांड्यात तळाला एक चकती-जाळी ठेवते, त्यातच दीड वाटी पाणी घालते आणि जाळीवर प्रेशर कुकरचा स्टीलचा डबा ठेवते. डब्यात धुतलेला तांदूळ, त्याचं नेहमीचं पाणी, वर ताटली. झाकण लावायचं, बटण दाबायचं. डब्याबाहेरचं पाणी आटलं की कुकर आपोआप बंद. पंधरा मिनिटं मुरवायचा. डब्यातला भात बुडाला लागतच नाही, कारण डब्याच्या बाहेर सगळीकडे वाफ असते, थेट हीटर नसतो. जुनं भांडं फक्त पाणी उकळायचं काम करतं.

भात जरा कच्चा वाटला तर पुढच्या वेळी बाहेर अर्धी वाटी पाणी वाढवायचं. पाणी जास्त म्हणजे वेळ जास्त, इतकं सोपं आहे. डबा भांड्यापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन बोटं तरी लहान हवा, नाहीतर वाफ वर येत नाही.

भांडीवाला_इंजिनीअर
वा! हे अगदी अचूक आहे, आणि इलेक्ट्रिक राइस कुकरची सुरुवातच अशी झाली होती. तोशिबाने १९५५ मध्ये जपानात पहिला स्वयंचलित कुकर विकायला काढला तो दुहेरी भांड्याचा होता: बाहेरच्या भांड्यात पाणी, आतल्यात तांदूळ. बाहेरचं पाणी संपून तापमान वाढलं की स्विच पडायचा. तैवानची ताटुंग कंपनी १९६० पासून याच तत्त्वावरचा कुकर बनवतेय, आजही, आणि त्यात आतलं भांडं स्टीलचं मिळतं. तिथल्या घराघरात तो असतो. बाहेर किती पाणी घालायचं त्यावर किती वेळ शिजायचं ते ठरतं, नेमकं तुम्ही लिहिलंत तसं.

दहिसरकर, तुमच्या भांड्याचे कण भातात जायचीही भीती नाही. डब्यात जाते ती वाफ, पाणी नाही. फक्त बाहेरचं पाणी डब्याच्या काठापर्यंत भरू नका, उकळताना उडून आत जाईल. आणि आई बटण दाबण्याआधी बाहेर पाणी घातलेलंच आहे याची खात्री असू द्या. पाणी नसेल तर कुकर दोन मिनिटांत बंद पडतो आणि तांदूळ कच्चाच राहतो.

दहिसरकर
काय सांगू! आज रात्रीच करून बघितलं. आमच्या प्रेशर कुकरचा मधला डबा नेमका बसला. कोलम मोकळा झाला, एक शीत बुडाला लागलं नाही. सकाळी निघताना डबा नि बाहेरचं पाणी दोन्ही मीच घालून ठेवीन, आईने फक्त बटण दाबायचं. कोकणातली_पेज, तुमचे फार उपकार. इंद्रायणीला पाणी किती घालू तेवढं सांगा.

कोकणातली_पेज
उपकार कसले हो. इंद्रायणी आंबेमोहोराच्या वंशातला, मुळातच चिकट. मऊ हवा असेल तर एका वाटीला अडीच वाटी, आणि बाहेर दोन वाट्या. जुन्या तांदळाला थोडं वाढवा, नव्याला कमी करा. कोलमला दुप्पट पुरतं. बासमतीला भिजवलेला असेल तर दीडपट. उकडा तांदूळ मात्र या पद्धतीने फार वेळ घेतो. त्याला तिप्पट पाणी, रात्रीच भिजवलेला, आणि मी तरी तो गॅसवरच करते. पेजेला तर कुकर नकोच. उतू जाऊन प्लेटवर सांडते, मग भाजलेल्या पिठाचा थर काढता काढता हात दुखतात. पेज पातेल्यात, मंद आचेवर, समोर उभं राहून.

वाडेकर
कोलमचा विषय निघालाच आहे तर: वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा बारीक, हलका तांदूळ. बाजारात ‘वाडा कोलम’ लिहून भलताच तांदूळ खपवतात, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा तांदूळ महोत्सवातून घ्या. नवा असेल तर पाणी दुपटीपेक्षा जरा कमीच घाला, नाहीतर गिचका होतो. सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

परळची_सून
दहिसरकरांचं काम झालं, पण ज्यांना स्टीलच्या भांड्याचा कुकरच घ्यायचाय त्यांच्यासाठी: दक्षिण मुंबईत विजेच्या वस्तूंसाठी लोहार चाळ, भांड्यांसाठी तांबाकाटा. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्यासारखी. लोहार चाळीत कुकरचं खोकं उघडून भांडं हातात घेऊन बघता येतं, ऑनलाइन ते जमत नाही. फोटोत सगळीच भांडी चकचकीत दिसतात. दुकानदाराला सरळ विचारा, ‘नुसतं भांडं वेगळं मिळेल का, आणि पाच वर्षांनी मिळेल का?’ तांबाकाट्यावर वजनावर डबे मिळतात, वरची डब्याची युक्ती करायची असेल तर कुकरचं भांडं सोबत घेऊन जा नि तिथेच बसवून बघा. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात.

डोंबिवली_फास्ट
चुंबक घेऊन जायचा का? चिकटला तर स्टील खोटं, असं म्हणतात ना?

भांडीवाला_इंजिनीअर
चुंबकावर विसंबू नका. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि चुंबक त्याला जवळजवळ चिकटत नाही. पण २०२ दर्जाच्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही, कारण त्यात निकेलचा बराच भाग काढून मँगनीज घातलेलं असतं. म्हणजे न चिकटणं हा ३०४ चा पुरावा नाही. उलट तळाला मुद्दाम चुंबकीय स्टीलचा थर दिलेली इंडक्शनची भांडी उत्तम असूनही चिकटतात. दर्जा कोरलेला आहे का ते बघा, आयएसआयचं चिन्ह बघा. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचं भारतीय मानक आयएस १४७५६ आहे. २०२ मध्ये भात शिजवला म्हणून काही होत नाही, पण मीठ-आंबट लागून डाग आणि बारीक खड्डे लवकर पडतात.

खड्ड्यांवरून आठवलं. मीठ घालायचं असेल तर थंड पाण्यात तळाला टाकून ठेवू नका, न विरघळलेले खडे तिथेच स्टील खातात. ढवळून विरघळवून मग बटण दाबा.

नव्या_टॉवरवाली
आमच्या स्टीलच्या भांड्यावर इंद्रधनुष्यासारखे निळे-पिवळे डाग येतात आणि तळाला पांढरी पावडर बसते. भांड्याला येणाऱ्या मावशी तारेच्या घासणीने घासून थकल्या. भांडं खराब झालं का?

परळची_सून
अजिबात नाही. निळे-पिवळे डाग तापण्याने येतात, पांढरे पाण्यातल्या क्षारांचे. दोन्हीवर उपाय एकच: वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू किंवा दोन चमचे व्हिनेगर, पाच मिनिटं उकळा, ओतून द्या, साध्या घासणीने पुसा. तारेची घासणी बंद करायला सांगा मावशींना. चरे पडले की पुढच्या वेळी भात त्याच चऱ्यांत धरतो. चिकटलेलं असेल तर आधी कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवायचं, मग मावशींनाही जोर लावावा लागत नाही. आमच्याकडच्या ताईंना मी हेच सांगितलंय, भिजल्याशिवाय भांडं हातात घ्यायचंच नाही.

तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं का? आमच्याकडे पालिकेचं तलावाचं पाणी, भातसा-वैतरणा-तानसाचं. ते मऊ आहे, पांढरं क्वचितच बसतं.

नव्या_टॉवरवाली
हो, अर्धं पाणी टँकरचंच. आता उलगडा झाला. लिंबाने पाच मिनिटांत लखलखीत निघालं!

काळजीवाहू
शिजलेला भात कुकरच्या ‘वॉर्म’वर किती वेळ ठेवलेला चालतो? मुलं क्लासवरून उशिरा येतात.

भांडीवाला_इंजिनीअर
एक-दोन तास ठीक. भात ६० अंशांच्या वर गरम राहिला पाहिजे, कारण शिजलेल्या भातात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिल्लक राहतात, ते उकळण्यानेही मरत नाहीत आणि कोमट भातात झपाट्याने वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. हात लावल्यावर वाफाळता गरम लागत नसेल तर वॉर्मचा उपयोग नाही. त्यापेक्षा उथळ ताटात पसरून थोडा निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा, मुलं आली की वाफवून द्या. स्टीलच्या भांड्यात वॉर्मवर तळ वाळूनही जातो.

पीजीतला_मुलगा
अंधेरीला पीजीमध्ये राहतो, गॅसला परवानगी नाही. एक लिटरचा स्टीलचा कुकर घ्यायचा विचार आहे. खोलीत साधा छोटा प्लग पॉइंट आहे, त्यावर चालेल का? आणि मसालेभात होतो का त्यात?

परळची_सून
मसालेभात सुंदर होतो. फोडणी मात्र कुकरमध्ये करायला जाऊ नकोस. तेल शंभरच्या पुढे तापायला लागलं की बटण लगेच वर येतं. पीजीतल्या ताई स्वयंपाकघरात छोट्या कढल्यात फोडणी करू देतील का विचार. नाहीतर गोडा मसाला, हळद, मटार, फ्लॉवर, काजू सगळं तांदळाबरोबर कच्चंच घाल आणि चमचाभर तूप. वरून ओलं खोबरं नि कोथिंबीर. फोडणीवाला नाही होणार, पण घरची आठवण नक्की येईल.

भांडीवाला_इंजिनीअर
प्लगचं सांगतो. छोटा पॉइंट ६ अँपिअरचा असतो, २३० व्होल्टला साधारण १,३८० वॉट. एक लिटरचा कुकर ४०० ते ५०० वॉटचा, मोठा १.८ लिटरचा ७०० च्या आसपास. दोन्ही चालतील. मोठा अर्धा तास चालला तरी एक तृतीयांश युनिटच जळतं, तेव्हा बिलावरून मालकीण काही म्हणणार नाहीत. पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर किटली किंवा इस्त्री लावू नकोस, एकटी किटलीच १,५०० वॉटची असते. आणि कुकरला तीन पिनांचाच प्लग असू दे, अर्थिंग असलेला. स्टीलचं भांडं, वरून पाणी सांडणार, तिथे अर्थिंगशिवाय चालवायचं नाही.

पीजीतला_मुलगा
धन्यवाद दादा, ताई. शनिवारी लोहार चाळीत जातो. तीन पिनांचं लक्षात ठेवतो.